बेळगावात स्वस्तात उतरायचं तर कुणाचा अनुभव खरा मानायचा?

प्रश्न असा आलाय. साताऱ्याच्या तिघी मैत्रिणी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावला येणार आहेत. पाच रात्री मुक्काम, गोकाकचा धबधबा, सौंदत्तीची यल्लम्मा, हलशी आणि जमलं तर कित्तूर बघायचं. माणशी रात्रीला ६०० रुपयांच्या वर जायचं नाही. एका डॉर्मिटरीबद्दल त्यांनी लोकांचे अनुभव वाचले. एकजण लिहितो, घरच्यासारखं वाटलं, आंघोळीला कढत पाणी, चादरी परीटघडीच्या. दुसरी लिहिते, गादीला कुबट वास, पाणी गार, अंगभर ढेकणांचे चट्टे. दोघंही खोटं लिहीत असतील असं वाटत नाही, तर धरायचं कुणाचं?

दोघांचंही धरा, पण आधी त्यांच्या तारखा बघा. त्यानं फेब्रुवारीत मुक्काम केला असेल आणि तिनं जुलैत, तर निम्मं कोडं तिथंच सुटतं. उरलेलं निम्मं कोणती खाट मिळाली, किती वाजता पोचलात आणि शेजारच्या खाटेवर कोण होतं यावर ठरतं. डॉर्मिटरीचा पत्ता एक असतो, पण प्रत्येक पाहुणा वेगळ्याच जागी राहून गेलेला असतो.

मी २००४ पासून या कामात आहे. आधी खडेबाजाराच्या मागच्या एका लॉजवर बारा वर्षं खोल्या लावून देणं आणि चादरी-टॉवेलांचा हिशोब ठेवणं हे माझं काम. २०१६ मध्ये दिरांसोबत टिळकवाडीत २४ खाटांची डॉर्मिटरी सुरू केली. रात्री काउंटरवर दीर बसतात, पहाटे पाचला मी येते. मराठी पाहुणे मावशी म्हणतात, कानडी बोलणारे अक्का. तेव्हा पुढचं सगळं चादरी धुणाऱ्या बाईच्या नजरेतून आलेलं आहे, आणि माझ्या मते स्वस्त मुक्कामाची परीक्षा चादरीपासूनच सुरू होते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, घाटमाथ्याला लागून आहे. जूनच्या मध्यापासून झड लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. आता हिशोब करा. एका खाटेला चादर-उशीच्या अभ्र्याचे निदान तीन जोड लागतात: एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. उन्हाळ्यात एवढ्यात भागतं. पावसाळ्यात धुतलेली चादर गॅलरीत दोन दिवस लोंबकळली तरी दमटच राहते, म्हणून पाच जोड लागतात, नाहीतर वाळवण्याची मशीन. ज्याच्याकडे दोनच जोड आहेत तो संध्याकाळी पाहुणा दारात उभा राहिला की दमट चादर तशीच अंथरतो. ती ओल गादीत उतरते. कापसाची गादी असेल तर ती दिवाळीपर्यंत पुरती सुकत नाही. त्या बाईंना आलेला कुबट वास तोच, त्यात काही खोटं नाही. आणि फेब्रुवारीत आलेल्या माणसाला तो आला नाही, कारण तेव्हा आम्ही गाद्या गच्चीवर टाकून दिवसभर तापवतो.

कढत पाण्याचंही तसंच. बहुतेक स्वस्त ठिकाणी पाणी सोलरवर तापतं. झडीच्या दिवसांत सोलरचं पाणी कोमटही होत नाही. मग गीझर आहे का, तो किती लिटरचा, आणि सकाळी कोणत्या वेळेत चालू असतो, हे विचारायला हवं. माझ्याकडे २५ लिटरचे दोन गीझर आहेत. सकाळी सहा ते साडेआठ चालू. पहिल्या आठ-दहा जणांना कढत मिळतं, नंतरच्याला थांबावं लागतं. साडेआठला उठणारा पाहुणा ‘गरम पाणी नाही’ असं लिहून जातो आणि सहाला उठणारा ‘भरपूर गरम पाणी’ असं. दोघंही माझ्याच न्हाणीघरात आंघोळ केलेले. शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी येतं, पण आमच्यासारख्या बऱ्याच भागात नळाला रोज पाणी नसतं. टाकी किती मोठी आहे यावर सगळं. २४ खाटांना पाच हजार लिटरची टाकी दोन दिवसांत संपते. म्हणून फोनवर ‘पाणी आहे का’ असं विचारू नका, त्याला कुणीही ‘आहे की’ म्हणेल. ‘टाकी किती लिटरची, आणि नळाला कितव्या दिवशी येतं’ असं विचारा.

याच फोनवर आणखी एक प्रश्न: ‘पावसात चादरी कुठं वाळवता?’ ज्याची सोय आहे तो एका दमात सांगतो. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, नाहीतर लॉन्ड्रीला देतो. ज्याची नाही तो घुटमळतो. मी स्वतः बाहेरगावी गेले की हाच प्रश्न विचारते आणि आजवर तो मला कधी चुकीच्या जागी घेऊन गेलेला नाही.

चादरींवरून आठवलं म्हणून सांगते, कारण एका मुलीनं माझ्याकडे यावरून अक्षरशः रडून खोली बदलून मागितली होती. मार्गशीर्ष, पौष आणि माघ या पौर्णिमांना सौंदत्तीला यल्लम्माची मोठी जत्रा असते. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून गाड्या भरभरून येतात. येताना-जाताना काहीजण आमच्याकडे एक रात्र टेकतात. कपाळाला, केसांना, साडीच्या पदराला भंडारा लागलेला असतो. ती हळद चादरीला लागते. आणि हळदीला साबण लागला की पिवळा डाग तांबडा होतो. धुऊन आलेल्या चादरीवर फिकट लालसर डाग बघून त्या मुलीला वाटलं रक्ताचे आहेत. तिला मी साबणाच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून दाखवली तेव्हा कुठं तिला पटलं. हळदीचा डाग साबणापेक्षा उन्हानं जातो. दोन दिवस कडक ऊन दिलं की उडतो. म्हणून माघात आमच्या गच्चीवर नुसत्या चादरीच चादरी असतात. डाग दिसला म्हणजे चादर धुतलेलीच नाही असं नसतं. नाकाजवळ धरून बघा. न धुतलेल्या चादरीला घामाचा, तेलाचा वास येतो आणि उशीच्या अभ्र्यावर डोक्याच्या जागी चिकटपणा लागतो. तो लागला तर मात्र भीड न बाळगता बदलून मागा.

आता ढेकूण. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण यावरून जेवढे पाहुणे दुखावतात आणि जेवढ्या चांगल्या जागांचं नाव जातं तेवढं दुसऱ्या कशावरूनही नाही.

ढेकूण घाणीतून उपजतो ही पहिली चुकीची समजूत. त्याला घाण लागत नाही, माणूस लागतो. तो उडत नाही, उडीही मारत नाही. पाहुण्याच्या बॅगेतून, अंथरुणातून, जुन्या लाकडी सामानातून येतो. दिवसा गादीच्या शिवणीत, खाटेच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकात, भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या मागे बसतो आणि माणूस झोपला की बाहेर पडतो. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. मोठा झालेला ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे खोली महिनाभर कुलूपबंद ठेवून तो जात नाही. औषध फवारलं की मोठे मरतात, पण अंडी बहुतेक वाचतात; म्हणून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं. पैसे वाचवण्यासाठी जो दुसरी फवारणी करत नाही त्याच्याकडे महिन्याभरात पुन्हा तेच. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. ५० अंशांच्या वर गेलेल्या पाण्यात चादर भिजवली की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. जुन्या बायका खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायच्या, ते शहाणपणाचंच होतं.

मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही. २०१७ मध्ये एक विद्यार्थी वसतिगृह बंद होत होतं, तिथल्या दहा गाद्या स्वस्तात मिळाल्या म्हणून आम्ही घेतल्या. गाद्या दिसायला चांगल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पाहुण्यानं हात दाखवला, तीन-तीन चट्टे एका ओळीत. मी शिवण उलगडून बघितली आणि अंगावर काटा आला. दहाही गाद्या जाळल्या. सगळ्या लोखंडी खाटा सुट्या करून सांधा न् सांधा उकळत्या पाण्यानं धुतला, दोनदा फवारणी केली, सतरा दिवस डॉर्मिटरी बंद ठेवली. बंद करण्याआधी ज्यांना ढेकूण चावले त्या पाहुण्यांचे पैसे परत केले, पण त्यांची रात्र परत करता आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून वापरलेली गादी घेत नाही आणि प्रत्येक गादीला चेन असलेलं रेक्झिनचं कव्हर घालते. उकाड्यात रेक्झिनवर घाम येतो, तक्रार होते, ती मी ऐकून घेते, पण कव्हर काढत नाही.

पाहुण्यांना माहीत नसलेली गोष्ट पुढं आहे. ढेकूण चावल्याचे चट्टे प्रत्येकाच्या अंगावर त्याच रात्री उठतात असं नाही. काहींना दुसऱ्या दिवशी, काहींना आठवड्यानं, क्वचित दोन आठवड्यांनीही उठतात. काहींना उठतच नाहीत. म्हणजे एखादी मुलगी तीन दिवस दुसऱ्या गावी राहून माझ्याकडे आली, सकाळी अंगावर चट्टे बघितले, तर ते माझ्या खाटेवरचे की आधीच्या, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि एकाच खाटेवर झोपलेल्या दोघांपैकी एकजण ‘ढेकूण आहेत’ लिहील, दुसरा ‘शांत झोप लागली’ लिहील. दोघंही खरं. म्हणून ढेकणांची तक्रार वाचताना चट्ट्यांचा उल्लेख पुरेसा धरू नका. ‘शिवणीत काळे ठिपके दिसले’ किंवा ‘ढेकूण पकडला’ असं कुणी लिहिलं असेल तर ते पक्कं. तशी तक्रार दोघांनी वेगवेगळ्या महिन्यांत केली असेल तर त्या जागी जाऊच नका.

खोलीत गेल्यावर बॅग खाटेवर टाकायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावा. गादीचा डोक्याकडचा कोपरा उचला, शिवण बोटानं दुमडून बघा, खाटेचा सांधा बघा. शाईचा पेन टेकवल्यासारखे काळे ठिपके, किंवा फोलपटासारखी सालं दिसली तर लगेच काउंटरवर जाऊन दाखवा. भांडू नका, दाखवा. चांगला माणूस तुमच्यासमोर खाट रिकामी करेल. ‘डास असतील हो’ म्हणून जो टाळतो त्याच्याकडून पैसे परत घेऊन निघा. रात्रीचे दहा वाजले असले तरी निघा, बेळगाव स्टेशनाजवळ आणि मध्यवर्ती बसस्थानकाजवळ त्या वेळीही लॉज उघडे असतात.

शेजारी कोण असेल हेही तुम्हाला माहीत हवं. गोकर्णात किंवा हंपीत हॉस्टेल म्हटलं की पाठीवर सॅक घेतलेली फिरस्ती पोरंपोरी, संध्याकाळी गिटार, भिंतींवर चित्रं. बेळगावचं तसं नाही. इथं स्वस्त खाटेवर झोपणारा माणूस बहुतेक कामासाठी आलेला असतो. केएलईच्या इस्पितळात पेशंट दाखल असलेले नातेवाईक, कागलहून, चिक्कोडीहून, पार गोव्याहून आलेले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरतीला आलेली पोरं, पहाटे चारला उठून बूट घालणारी. विद्यापीठात कागदपत्रांसाठी आलेले विद्यार्थी. औषधांचे, बियाण्यांचे, साड्यांचे फिरते विक्रेते. आणि त्यांच्यात तुमच्यासारखे दोन-चार प्रवासी. पेशंटची आई रात्री दोनला इस्पितळातून फोन आला म्हणून दिवा लावते, तेव्हा फिरायला आलेल्याची झोप मोडते. तो लिहितो, ‘रात्रभर आवाज’. त्या आईला लिहायला वेळ नसतो. असलाच तर ती एवढंच सांगते की काउंटरवरच्या माणसानं रात्री दोनला चहा करून दिला.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो. घटप्रभेच्या पाण्यात गोकाक बुडालं होतं, कोल्हापूरकडचा महामार्ग बंद पडला होता. बसमधून उतरलेले लोक जिथं जागा मिळेल तिथं थांबले. आमच्या २४ खाटांच्या जागेत तेव्हा ४० च्या वर माणसं होती. जमिनीवर सतरंज्या टाकल्या, संडास तीनच, रांग लागायची. खिचडी दोन वेळा, तीही एकाच पातेल्यात. त्या आठवड्यातल्या दोघांनी नंतर अनुभव लिहिले. एकानं लिहिलं, गलिच्छ, गर्दी, पैसे पूर्ण घेतले. दुसऱ्यानं लिहिलं, या माणसांनी आम्हाला पुरात सांभाळलं. गर्दी होती आणि संडास घाण झाले होते, हे मी नाकारत नाही. खाटेवर झोपलेल्यांकडून पूर्ण पैसे घेतले, सतरंजीवरच्यांकडून घेतले नाहीत. पहिल्या माणसाला ते अन्यायाचं वाटलं असेल तर त्याचंही मी ऐकते. पण ज्यानं फक्त त्याचं लिहिलेलं वाचलं त्याला पूर दिसत नाही.

तुम्ही तिघी आहात म्हणून पुढचं नीट वाचा. ‘लेडीज डॉर्मिटरी’ अशी पाटी आहे एवढ्यावर जाऊ नका. न्हाणीघर आणि संडास आतून जोडलेले आहेत की पुरुषांच्या बाजूनं जावं लागतं, हे विचारा. दाराला आतून कडी आहे का, रात्री काउंटरवर कोण असतं, तो माणूस तिथंच झोपतो की शटर ओढून घरी जातो? माझ्या मते हाच सर्वांत मोठा प्रश्न आहे. यासाठी मी एक करते आणि तुम्हीही करा. बुकिंगच्या आधी एकदा रात्री साडेदहा-अकराला फोन करा. कुणी उचलला आणि नीट उत्तर दिलं तर त्या जागेला रात्री माणूस आहे. उचललाच नाही तर तुम्हाला काय कळायचं ते कळलं. लॉकर असेल तर कुलूप स्वतःचं आणा, बारीक कड्याचं. जाड कड्याचं कुलूप बऱ्याच लॉकरना बसत नाही. बायकांची खोली भरली म्हणून आयत्या वेळी मिश्र खोलीत खाट देतात, असाही अनुभव काहींना येतो. तसं होणार नाही हे बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहून घ्या. आणि तिघी असल्यावर एक हिशोब मांडून बघा: तिघींचे मिळून रात्रीला १८०० रुपये होतात. एवढ्यात ऑगस्टमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी चांगल्या लॉजमध्ये तीन खाटांची स्वतंत्र खोली मिळू शकते, न्हाणीघर आत. डॉर्मिटरी चालवणारी मीच हे सांगतेय. तिघींना स्वतंत्र खोली परवडत असेल तर ती घ्या. डॉर्मिटरी एकट्या माणसाला परवडते, तिघींना तिचा फायदा फारसा नाही.

पोचायची वेळ. साताऱ्याहून रात्रीच्या बसनं निघालात तर पहाटे अंधारात बेळगावात उतराल. इथल्या जुन्या लॉजमध्ये २४ तासांचा हिशोब असतो: पहाटे पाचला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी पाचला सोडायची. नव्या ठिकाणी दुपारी बाराला खोली मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडायची. हे न विचारता आलेला पाहुणा पाच तास बाकड्यावर बसतो आणि चिडतो. काही ठिकाणी पहाटेचे अर्धे पैसे जादा घेतात. माझ्याकडे खाट रिकामी असली तर तशीच देते, नसली तर न्हाणीघर वापरू देते आणि बॅगा ठेवून घेते. पण हे प्रत्येक जागी वेगळं, म्हणून आधी विचारा. किंवा सरळ सकाळी साताऱ्याहून निघा, दुपारी पोचा. उजेडात गादीही बघून होते आणि गल्लीही.

तुमच्या तारखा तशा बऱ्या आहेत. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की आमदारांचे लोक, पोलीस, पत्रकार, मोर्चेवाले यांनी सगळ्या खोल्या भरतात आणि भाडं दुप्पट होतं. गणपतीत शहर रात्रभर जागं, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. खडेबाजार-गणपत गल्लीच्या आसपास खोली घेतली तर ढोल-ताशा उशाशीच समजा. ज्याला उत्सव बघायचा त्याला यासारखी जागा नाही, ज्याला झोपायचं त्यानं कॅम्प किंवा टिळकवाडीकडे उतरावं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्रही तशीच. तुम्हाला सांभाळायचा दिवस म्हणजे १५ ऑगस्ट. त्याला जोडून शनिवार-रविवार आला तर आंबोली-गोव्याकडे जाणारी गर्दी इथं टेकते. त्या दोन रात्रींचं बुकिंग आधी करा, बाकीच्या तीन रात्री येऊन बघून ठरवा.

पैशाबद्दल थोडक्यात. ‘सगळं धरून किती’ असं विचारा. १००० रुपयांच्या आतल्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता. १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के झाला. ज्याचा व्यवसाय लहान आहे आणि नोंदणी नाही तो जीएसटी लावूच शकत नाही. लावत असेल तर नंबर असलेलं बिल मागा. पाचही रात्रींचे पैसे आगाऊ देऊ नका. एक रात्र राहा, झोप लागली तर पुढच्या द्या. ओळखपत्राची झेरॉक्स सगळीकडे मागतात, रजिस्टर पोलीस तपासतात म्हणून ते आम्हाला ठेवावंच लागतं. पण पूर्ण आधार द्यायची गरज नाही. शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं.

भाषेची काळजी बेळगावात करू नका, मराठी सगळीकडे चालते. सौंदत्ती, गोकाककडे गेलात की कानडी लागेल. ‘बिसिनीरु’ म्हणजे गरम पाणी आणि ‘एष्टु’ म्हणजे किती, एवढे दोन शब्द पाठ करा. पाहुणी आपल्या भाषेतला एक शब्द बोलली की काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बदलतो. भाषेवरून इथं भांडणं आहेत असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्या डॉर्मिटरीत वीस वर्षांच्या कानडी पोरानं सांगलीच्या म्हाताऱ्याला इस्पितळाचा फॉर्म भरून दिलेला मी बघितलाय. तो म्हातारा त्याला जाताना करदंटाच्या मिठाईचं पाकीट देऊन गेला.

आता तुमच्या पाच रात्री. मी असते तर पाचही रात्री बेळगावातच काढल्या असत्या. रोज बॅग उचलून नव्या गावी खोली शोधायची म्हणजे ढेकूण, पाणी, कडी, सगळी परीक्षा रोज नव्यानं. इथून गोकाकचा धबधबा ६० किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघून संध्याकाळी परत. ऑगस्टमध्ये घटप्रभेला पाणी असतं, ५२ मीटरवरून कोसळताना बघाल. उन्हाळ्यात गेलेल्यांनी तिथं ‘काहीच नाही’ असं लिहिलेलं असेल तर त्यांचाही दोष नाही, तेव्हा पाणीच नसतं. सौंदत्तीला लवकरची बस धरा. श्रावणातला शुक्रवार टाळलात तर दर्शन शांतपणे होईल. हलशीला खानापूरवरून जा, कदंबांच्या वेळची देवळं आहेत, वराह-नरसिंहाचं देऊळ दोन्ही बाजूंनी नीट बघा. त्या बाजूला पाऊस फार, म्हणून बुटांऐवजी सँडल घाला. ओले बूट डॉर्मिटरीत चार दिवस सुकत नाहीत आणि त्यांचा वास सगळ्या खोलीला सोसावा लागतो. कित्तूर पाचव्या दिवशी. धो धो पाऊस लागला तर बाहेर न जाता बेळगावच्याच किल्ल्यातली कमल बस्ती बघा, १२०४ मधलं जैन मंदिर आहे, आणि रिसालदार गल्लीतलं ते घर बघा जिथं १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद भाटे यांच्याकडे उतरले होते.

परत गेल्यावर तुम्हीही अनुभव लिहालच. लिहिताना महिना लिहा, खाट वरची होती की खालची, खिडकीजवळची की संडासाजवळची, आंघोळीला किती वाजता गेलात, तक्रार केली तेव्हा काउंटरवरचा माणूस काय म्हणाला, हे लिहा. मागच्या वर्षी एका मुलीनं आमच्याबद्दल लिहिलं होतं, ‘जुलै, खाट क्रमांक ११, खिडकीतून पावसाचं पाणी उशीवर येतं’. आम्ही त्याच आठवड्यात ती खिडकी पत्रा लावून बंद केली.